पाचरचे पाय

सुताराला सगळे कमान म्हणत. लहानपणी हाडं मऊ राहिली, पाय बाहेर वाकले आणि तसेच राहिले. दोन गुडघ्यांमधून मांजर आरामात निघून जाईल. तो त्या नावाला अशी ओ द्यायचा की हाक मारणाराच ओशाळायचा.

पाचर हे त्याचं कुत्र्याचं पिल्लू. थोराड जातीचं, मिळेल त्या फटीत घुसणारं. ते घरात आलं त्याच दिवशी सुताराने कॅल्शियमचा डबा आणला. जेवणात आधी एक चमचा, मग दोन. काम आटोपलं की पिल्लाला बाकावर उभं करून त्याच्या पुढच्या पायाला काटकोन तपासायचा गुण्या लावून पाय सरळ आहे का बघायचा.

एका सकाळी गुण्या आणि पाय यांच्यामधून उजेड दिसला.

"तिसरा चमचा," तो म्हणाला.

बायकोने पिल्लू उचललं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाली. तो मागोमाग, फेंगडत.

"खायला काय घालता?" बाईंनी विचारलं.

"मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाणं मिळतं ते," बायको म्हणाली. "वर ह्यांची पावडर."

"त्या खाण्यात सगळं आहे. पावडर बंद. जास्तीचं कॅल्शियम पिल्लाला अडवता येत नाही, सगळं अंगात जातं. त्यानेच हाडं बिघडतात."

सुताराने पँट गुडघ्यांपर्यंत वर ओढली. "माझ्या आईलाही एका डॉक्टरने सांगितलं होतं. पोराला काही कमी नाही, घरी न्या. बघा."

लोक नजर वळवतात. बाईंनी नीट पाहिलं.

"तुम्हाला कमी पडलं होतं. आईंना चुकीचं सांगितलं. ह्याला जास्त होतंय. आत्ता थांबलात तर बहुतेक सुधारेल."

"आणि नाही सुधारलं तर?"

"तर येऊन माझ्याशी भांडा."

"येईनच."

वाटेत बायको म्हणाली, "आईचं भांडण कुत्र्याच्या ताटात कालवू नका."

"तू गप."

"गप कशाला? दोन-दोन फेंगडे सांभाळायचे मलाच आहेत."

घरी आल्यावर त्याने डबा भुश्शात रिकामा केला, धुतला, त्यात स्क्रू भरले. पिल्लासमोर नुसतं खाणं ठेवलं. ते संपेपर्यंत त्याचे हात मोकळेच राहिले. मग उगाच एक सरळ फळी पुन्हा रंधली.

काही दिवसांनी पाचरला घेऊन तो औषधांच्या दुकानासमोरून जात होता. दुकानदाराने हाक मारली.

"कमान, मोठा डबा आलाय. वाढतं पिल्लू आहे, थोडं तरी चालू ठेवा. आधीच तुमच्यावर गेलंय."

गिऱ्हाइकं हसली. सुतार थांबला. सकाळीच गुण्या लावला होता. उजेड अजून होता. जन्मभर ज्या वाक्यावर तो थुंकत आला, ते घशाशी आलं.

"ह्याला काही कमी नाही," तो म्हणाला, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

हसणं विरेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. पाय होते तसे, फाकलेले. पाचर त्यांच्यामधून डोकं बाहेर काढून दुकानदाराकडे बघत होता.