सूट मिळालेल्यांपैकी एक

मी कोरियाला निघाले त्या सकाळी मखमलाबादच्या समाजमंदिरात माझा सत्कार झाला. व्यासपीठावर अकरा माणसं होती आणि समोर साधारण चाळीस. अकरांपैकी नऊ जण बोलले. एका वक्त्यानं मला जपानला पाठवलं, दुसऱ्यानं डॉक्टर केलं. बाहेरच्या फलकावर शुभेच्छा देणाऱ्या नगरसेवकाचा फोटो माझ्या फोटोच्या दुप्पट होता, आणि खरं सांगायचं तर तो चांगलाही आला होता. शाल, श्रीफळ आणि गळ्यात गुलाबांचा जाड हार. हार आमच्याच मळ्यातल्या फुलांचा. माझ्या मोठ्या भावानं, दत्तादादानं, ती पहाटे तोडली होती आणि वहिनीनं गुंफली होती. सत्कार चालू होता तेव्हा दादा बाहेर भाड्याच्या जीपला टेकून उभा होता. मधेच दारात येऊन त्यानं मनगटावर बोट आपटून दाखवलं, विमान चुकेल म्हणून. त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं.

जीपपाशी आई म्हणाली, जेवण टाळू नको. आप्पा म्हणाले, "इकडची काळजी करायची नाय. दत्ता हाय." त्या दोन शब्दांचा मी पुढची सोळा वर्षं मनसोक्त वापर केला. आई आजारी पडली, दत्ता हाय. मळ्यात पाणी शिरलं, दत्ता हाय. आप्पा गेले तेव्हा मी तेराव्याला पोहोचले. दहावा दत्तानं केला होता.

फुलांच्या घरात दिवस चारला सुरू होतो. ऊन चढायच्या आत तोडणी झाली नाही तर फूल बाजारात पोहोचेपर्यंत मान टाकतं, आणि पंचवटीच्या फुलबाजारात उशिरा आलेल्या मालाकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्यामुळे घरातलं जे कोणी दोन पायांवर उभं राहू शकतं ते त्या वेळी वाफ्यात असतं. चौथीच्या स्कॉलरशिपला मी जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीत आले आणि आप्पांनी जाहीर केलं, "हिला आता फुलात घालायची नाय. हिचं डोकं लय चालतं." तेव्हापासून मी सहाला उठू लागले. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला काही विशेष येत नाही, असं घरात ठरलं होतं. कोणी ठरवलं ते आठवत नाही, पण सगळ्यांच्या सोयीचं होतं, सर्वांत जास्त माझ्या.

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. मी बारावीत असताना ओझरच्या विमान कारखान्यातून दादाला अप्रेंटिसशिपचं पत्र आलं होतं. परीक्षा देऊन निवड झाली होती त्याची, काही विशेष न येणाऱ्याची. त्याच वर्षी आप्पांची कंबर धरली होती आणि मला पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं. दोघं गेलो असतो तर मळा बंद पडला असता. पत्र दोन आठवडे देवघराच्या फळीवर होतं, मग नव्हतं. मी त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणीतरी उत्तर दिलं असतं.

पुण्यानंतर कोरियाची शिष्यवृत्ती, मग सुवॉन शहरात चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी. तिथं आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमध्ये काम करतो. धुळीचा एक कण आत जाता कामा नये. मखमलाबादच्या मुलीसाठी ही केवढी प्रगती.

आपल्याकडे सैन्यात भरती व्हावं म्हणून मुलं पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. कोरियात प्रत्येक धडधाकट तरुणाला जावंच लागतं, दीड वर्ष किंवा त्याहून थोडं जास्त. सूट फार थोड्यांना. ऑलिंपिकचं पदक, आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण, किंवा ठरावीक स्पर्धांमध्ये शास्त्रीय संगीतात वा नृत्यात वरचा क्रमांक मिळाला तर जुजबी प्रशिक्षणावर भागतं. म्हणजे पियानो वाजवणारा सुटतो, पण जगभरची स्टेडियम भरून टाकणारा पॉप गायक अडकतो. मग अशा गायकांनाही सूट द्यावी का, यावर त्या देशानं अनेक वर्षं वाद घातला. मंत्री बोलले, माजी सैनिक बोलले, निर्यातीचे आकडे घेऊन अर्थतज्ज्ञ बोलले. शेवटी सर्वांत गाजलेल्या गटातली पोरं डोकी भादरून गेली, सेवा करून परतही आली. वाद मात्र मिटला नाही. मोठी स्पर्धा झाली आणि पदकवाल्यांना सूट मिळाली की तो पुन्हा उगवतो.

अशाच एका उगवणीत मी नाशिकच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत लेख लिहिला. लेख मला फार आवडला होता, हे लिहिताना आता कान तापतात. 'देशाचं नाव मोठं केलं म्हणून देशाचं काम माफ, हा दरबारी न्याय झाला', असं त्यात होतं. समता हा शब्द चार वेळा होता. माझी भाची पूजा, दादाची मुलगी, त्या गायकांची निस्सीम भक्त. तिच्या खोलीत भिंतीचा रंग कोणता ते दिसत नाही. तिनं आठवडाभर माझ्याशी अबोला धरला आणि मग एकच मेसेज पाठवला, "आत्या, तू त्यांना ओळखत पण नाहीस."

दादाचा फोन त्याच रविवारी दुपारी आला. त्यानं लेख शेजारच्या मळेवाल्याला मोठ्यानं वाचून दाखवला होता.

"लय भारी लिवलंय. बरोबर हाय तुझं. कोणी कितीबी मोठा असला तरी सगळ्यांनी सारखंच करायला पायजे."

मी त्या वाक्यात टोमणा शोधला. सापडला असता तर सुटल्यासारखं वाटलं असतं. पण दादाला टोमणे मारता येत नाहीत.

मग तो जरा घुटमळला आणि मुद्द्यावर आला. त्याला हर्निया झाला होता. ऑपरेशननंतर दीड महिना वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आईला तर रोज उचलावं लागतं. दोन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून तिला चालता येत नाही. डोकं अगदी शाबूत आहे, पाय तेवढे गेले. वहिनी पाचला फुलं घेऊन बाजारात जाते ती साडेनऊला येते. तोवर आईचं सगळं, म्हणजे उठवणं, पॉट देणं, अंघोळ, लुगडं बदलणं, दादा करतो. दोन बायका ठेवून पाहिल्या, टिकल्या नाहीत.

"दीड महिना येतीस का? सकाळचंच बघायचं. बाकीचं आम्ही करू."

सोळा वर्षांत त्यानं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हणाले, बघते, इथे प्रोजेक्ट महत्त्वाच्या टप्प्यावर आहे.

"हां, हां. तुझं काम मोठं हाय," तो घाईनं म्हणाला. "म्हटलं, विचारून बघावं."

लेख छापून आला त्याच दिवशी. त्यानं ऑपरेशन पुढे ढकललं आणि पोटाला पट्टा बांधून तो आईला उचलत राहिला. पट्ट्याचं मला पूजाकडून कळलं. मी तिला लिहिलं, बाबांना काळजी घ्यायला सांग.

आमच्या विभागात पार्कबाई म्हणून आहेत, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. त्यांचा एकुलता मुलगा एका मंगळवारी सैन्यात दाखल झाला. बाई सकाळी त्याला फाटकापर्यंत सोडून दुपारी कामावर हजर. जेवताना मी त्यांना त्या गायकांविषयी विचारलं. दुसऱ्या लेखाची सामग्री मिळेल असं डोक्यात होतं, तेही कबूल करून टाकते. बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, त्या मुलांविषयी माझं काही म्हणणं नाही. मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर ठेवत म्हणाल्या, "माझ्या मुलाला काही विशेष येत नाही. म्हणून तो गेला."

तक्रारीचा सूरही नव्हता त्यात. मला रडू आलं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण आलं नाही. मी जागेवर जाऊन रजेचा अर्ज भरला. साहेबांनी तो चार मिनिटांत मंजूर केला. प्रोजेक्टचा तो महत्त्वाचा टप्पा माझ्याशिवाय पार पडला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दादाच्या फोननंतर सात आठवड्यांनी मी घरी पोहोचले. ऑपरेशन झालं. पहिल्या सकाळी वहिनी बाजारात गेली, दादा बाहेरच्या खोलीत पडून होता. मी पाणी तापवलं, बाह्या सारल्या आणि आईच्या खोलीत गेले. रुग्णाला कसं उचलावं याचे व्हिडिओ मी विमानतळावर पाहिले होते.

आईनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "तू राहू दे. दत्ताला बोलव."

मी म्हणाले, दादाला आता उचलायचं नाही.

"मग सून येईस्तोवर थांबते."

चादर ओली झाली होती, ते मला दिसत होतं. का थांबायचं, असं मी विचारलं. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"तुझ्यापुढं लाज वाटती गं."

पोटच्या मुलापुढे वाटत नाही आणि मुलीपुढे वाटते. बाहेरून दादाचा आवाज आला, "करू दे की तिला, आई. ती काय परकी हाय का?" आईनं चादर आणखी घट्ट धरली. मी बादली धरून उभी होते. साडेनऊला वहिनी आली, हातातलं टोपलं खाली ठेवून सरळ आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. दाराच्या बाहेरच्या बाजूला कोण होतं ते सांगायला नको.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे परदेशी गेले ते भेटले की एकमेकांना विचारतात, घर कुठलं मानतोस आता? या प्रश्नाला मी पूर्वी सुंदर उत्तरं दिली आहेत, एकदा तर माइकवरून. जे मागे राहिले त्यांना हा प्रश्न पडत नाही. त्यांना सकाळी बरीच कामं असतात.

चौथ्या दिवशी आईनं मला तिचे केस विंचरू दिले. नवव्या दिवशी ती म्हणाली, "पाठ कर. बाकी सून करील." तेव्हापासून रोज मी तिला खाटेच्या कडेला बसवते, ती माझ्या खांद्याला धरून तोंड भिंतीकडे करते आणि मी पाठीवर पाणी घालते. रजा दोन आठवडे उरली आहे. घर म्हणून सध्या माझ्या वाट्याला एवढी पाठ आली आहे, आणि तीही मेहेरबानीनं. तिच्या मणक्यांवरून मी काच पुसावी तसा हलका हात फिरवते. आज सकाळी ती वैतागली.

"जोरानं चोळ की. दत्ता चोळतो तसं."

मी जोरानं चोळलं.