हौसामावशींचे मालक

पुण्याजवळच्या माणमध्ये खोली भाड्यानं बघायला गेलं की घरमालकीण आधी नियम ऐकवते. पाहुणे चालणार नाहीत, पाणी जपून. हौसामावशींनी मला आधी गाव विचारलं. लातूर म्हटल्यावर बटव्यातून एक छोटासा फोटो काढून माझ्यापुढं धरला. "तितं आमचं मालक दिसलं का कुटं?"

मालक म्हणजे नवरा. शेत आयटी पार्कात गेलं, त्याच्या पुढच्या वर्षी पौडला जाऊन येतो म्हणून एसटीत बसले, ते परतलेच नाहीत. बारा वर्षं उलटल्यावर भावकीनं दर्भाचा पुतळा जाळून त्यांचे दिवस उरकायचं ठरवलं. मावशींनी भटजींना दारातच चहा पाजला आणि वाटेला लावलं. "मानूस घरला यायचा ऱ्हायला, म्हून त्याला जाळत्यात व्हय?" तेव्हापासून जाऊबाईंनी त्यांना हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. मावशी मात्र रोज सकाळी रुपयाएवढं कुंकू लावूनच बाहेर पडायच्या. बाई फटकळ. मला ऑफिसातून उशीर झाला की म्हणायच्या, "कंपनीनं काय दावणीला बांदलंय तुला?" आणि आमटीचं भांडं ओट्यावर आदळून निघून जायच्या.

माझी एक मैत्रीण फोटोंचं काम करते. माणच्या जुन्या शेतकऱ्यांचे चेहरे भिंतीएवढे करून ती अलिबागच्या एका आर्ट गॅलरीत लावणार होती. मावशींनी आपणहून मालकांचा फोटो तिच्या हातात ठेवला. समुद्र बघायला गावोगावची माणसं येतात, कुणीतरी ओळखेल, एवढीच त्यांची आशा. वर बजावलं, "मोठ्ठा कर बाय. भुवईवरचा वण दिसाया पायजे."

पुढं मैत्रिणीनं मला फोनवर विचारलं, हे गृहस्थ हयात आहेत ना? मी मीटिंगच्या घाईत होते. म्हणाले, "नसणारच गं आता." माझ्या जिभेला हाड असतं तर!

उद्घाटनाला मी मावशींना गाडीनं घेऊन गेले. नवं लुगडं, पिशवीत शेंगदाण्याचे लाडू. जन्मात पहिल्यांदा समुद्र दिसत होता, पण त्यांनी तिकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. आत पांढऱ्याशुभ्र भिंतीवर मालक होते. वण स्पष्ट दिसत होता. आणि फोटोला झेंडूचा ताजा हार घातलेला होता.

मावशींनी रखवालदाराची खुर्ची ओढली, वर चढल्या आणि हार काढून घेतला. रखवालदार धावत आला. लोकांना वाटलं हाही प्रदर्शनाचाच भाग, दोघा-तिघांनी मोबाईल काढले. मैत्रीण कावरीबावरी होऊन माझ्याकडे बघायला लागली.

"ह्ये न्हाईत म्हून कुनी सांगितलं?" मावशींनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

त्यांनी हार माझ्या हातात ठेवला. चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं. गॅलरी बंद होईपर्यंत त्या फोटोशेजारी उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिल्या. माणसं अवघडून मान हलवायची आणि पुढच्या फोटोकडे सरकायची. परतताना पेण मागं पडल्यावर म्हणाल्या, "तुजं बी खरं आसंल. पर तू म्हनू नगंस. मी हाय तवर नगं." मी गाडी बाजूला घेऊन ढसाढसा रडले. त्यांनी मला लाडू दिला.

गेल्या थंडीत मावशी न्यूमोनियानं गेल्या. बायका जमल्या आणि कुजबूज सुरू झाली, कुंकू लावायचं की नाही? हिरवं लुगडं नेसवायचं की नाही? "इतकी वर्सं मानूस न्हाई, सवाष्ण कसली?" एकजण म्हणाली. सगळ्याजणी जाऊबाईंकडे बघायला लागल्या.

मी पुढं झाले. "मालक आहेत. मागच्या महिन्यात मला पुणे स्टेशनला दिसले होते. हाक मारेपर्यंत गर्दीत गेले."

जाऊबाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. मी नजर हलवली नाही. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं.

"मंग बगत काय बसलाय?" त्या बायकांवर खेकसल्या. "हिरवा चुडा आना." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मावशींचा मळवट भरला.