मळक्या कडांची यादी

वैशालीनं यादी माझ्या खळीच्या डब्याशेजारी ठेवली आणि म्हणाली, "मावशी, ही बावीस पुस्तकं. नऊ दिवस राह्यल्यात. कंची वाचू?"

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सांगलीच्या या कॉलेजच्या लायब्ररीत मी फाटकी पुस्तकं बांधते. यादीतली सगळी पुस्तकं इंग्रजी. त्यांच्या पाठीवरचा नंबर तेवढा मला वाचता येतो.

वैशाली वडूजची. तिला मॅनेजमेंट कन्सल्टंट व्हायचं होतं. म्हणजे काय, ते तिनंच मला समजावलं होतं. दुसऱ्याच्या कारखान्यात जायचं, काय बिघडलंय ते शोधायचं आणि मालकाला सांगायचं. आमच्या गल्लीत हे काम न बोलावता करणारी लय माणसं हायेत, असं मी म्हटल्यावर ती खूप हसली होती.

आता ती हसत नव्हती. पुण्याची एक कंपनी कॉलेजात इंटरव्ह्यूला येणार होती. तिचे वडील फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी शिक्षणाला दोन वर्षं दिली होती आणि ती संपत आली होती. नोकरी नाही मिळाली तर परत वडूज. इंग्रजी वाचायला तिला वेळ लागायचा. लायब्रेरियन कारंडे सरांनी इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी ही यादी बोर्डावर लावली होती. त्यातलं आधी काय वाचू असं तिनं विचारलं, तर सर म्हणाले, सगळीच महत्त्वाची आहेत.

"आत काय हाय ते मला न्हाई कळत," मी म्हणाले. "पण वाचलेलं कंचं हाय, ते कळतंय."

बावीसच्या बावीस पुस्तकं आम्ही टेबलावर उभी केली, पाठ भिंतीकडं आणि कड आमच्याकडं. कड म्हणजे पानं उलटतो ती बाजू. हाताचा मळ तिथं बसतो. कड पांढरी असेल तर पुस्तक कुणी उघडलेलं नाही. सुरुवातीला बोटभर मळ असेल तर वाचायला घेतलं आणि सोडलं. मध्येच एक काळा पट्टा असेल तर तेवढा धडा परीक्षेला येतो. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कड सारखी मळली असेल, तर ते पुस्तक पुरं वाचलं जातं.

अशी चार निघाली. तीन बारकी, एक जाडजूड लाल.

"ह्ये लाल तर लय मोठं हाय," ती म्हणाली.

"मळ बघ की त्याचा," मी ऐटीत म्हणाले.

तिनं लालच आधी घेतलं. तिसऱ्या दिवशी आली आणि माझ्यापुढं तीन चिठ्ठ्या ठेवल्या. एकीवर लिहिलं होतं, चार वाजता कॅन्टीनच्या मागं.

"मावशी, ह्ये कोण वाचत न्हाई. पोरंपोरी ह्यात एकमेकास्नी चिठ्ठ्या ठेवत्यात."

चिठ्ठी शोधायला जो तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळत होता. म्हणून कड सारखी मळलेली. नऊतले तीन दिवस माझ्यापायी गेले होते.

खरं तर चूक माझ्या कामातलीच होती. वाचणारा माणूस पुस्तक टेबलावर दाबून उघडतो, त्यामुळं आतली शिलाई सुटते. चिठ्ठी शोधणारा नुसती पानं फरफर सोडतो, शिलाईला धक्का लागत नाही. ती तीन बारकी पुस्तकं मी दोन-दोनदा शिवली होती. लाल माझ्याकडं एकदाही आलं नव्हतं. मी कड बघितली, शिलाई बघितलीच नाही.

हे तिला सांगितलं आणि म्हटलं, पोरी, तू सरांनाच विचार.

"सरांनी बावीस सांगितल्यात. तुमचं तर एकच चुकलं," ती म्हणाली आणि तिन्ही पुस्तकं घेऊन गेली.

इंटरव्ह्यूच्या दिवशी माझ्या हातून दोन पुठ्ठे वाकडे कापले गेले. दुपारी कारंडे सर स्वतः आले आणि वैशालीनं सकाळी माझ्या टेबलावर परत ठेवलेली ती चारही पुस्तकं उचलून घेऊन गेले. माझ्याकडं बघितलंही नाही. मला वाटलं, झालं, पोरीचं गेलं आणि माझंही.

पुढचं वैशालीनं सांगितलं. कंपनीच्या साहेबांनी विचारलं, यादीतल्या बावीसमधली किती वाचली? ती म्हणाली, तीन. ही तीनच का, असं विचारल्यावर तिनं सगळं खरं सांगून टाकलं. कड, मळ, चिठ्ठ्या, वाया गेलेले तीन दिवस, सगळं. मग साहेबांनी विचारलं, पुढच्या वेळी काय करशील? "कड बघून थांबणार नाही. शिलाईपण बघीन," ती म्हणाली. साहेबांनी पुस्तकं मागवून खात्री करून घेतली. मग त्या तिन्ही पुस्तकांवर तिला तासभर पिळलं.

संध्याकाळी दोन नावं लागली. दुसरं तिचं होतं.

मग सरांनी मला बोलावलं. मी दारातच उभी राहिले.

"मुलांना पुस्तकं तुम्ही सुचवता?"

"चुकलं, सर."

सरांनी यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "त्यात ते निळं आहे, मी मुद्दाम मागवलेलं. त्याची कड कशी आहे?"

"सुरवातीला बोटभर मळलीया, सर."

"तो मळ माझाच," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नवी यादी लागली. तीनच पुस्तकं. पोरं तुटून पडली आणि दोन महिन्यांत तिन्हींची पानं सुटून माझ्याकडं आली. एका खुणेवर भरवसा ठेवू नये, दोन तरी बघाव्यात, हे मी शिकले. आणि सल्ला बरोबर निघाला की काम सल्ला देणाराचंच वाढतं, हेही.