मी पुसलेला अर्धा कॉम्प्युटर

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे दसरा काढतात. घरातली एकूण एक गोधडी धुवायची, डबे घासायचे, माळे झाडायचे. त्या दिवशी बायको गच्चीवर गोधड्या आपटत होती. मला त्यातलं काहीच करायचं नव्हतं. म्हणून मी जाहीर केलं, की मी कॉम्प्युटरचा दसरा काढतो.

कॉम्प्युटरवर लिनक्स आणि विंडोज अशा दोन प्रणाली होत्या. सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन्ही नावं यायची, पहिलं लिनक्सचं, खाली विंडोजचं; हवं ते निवडायचं. लिनक्स मी टाकलं होतं ते निव्वळ शाळेत मिरवायला. आमच्या स्टाफरूममध्ये मोबाइलवरून सुप्रभाताची फुलं पाठवणारा मास्तरही तंत्रस्नेही ठरतो. असल्या लोकांत मोठं व्हायला फार काही लागत नाही आणि मला तेवढंच मोठं व्हायचं होतं. नंतर चार वर्षांत मी ते एकदाही उघडलं नाही. ती अडगळच, असं म्हणून विंडोजमध्ये जाऊन डिस्कवरचा लिनक्सचा अख्खा हिस्सा मी पुसून टाकला.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर दोन्ही नावं गायब. तीन-चार इंग्रजी शब्द आणि लुकलुकणारी रेघ, बस. नावांची ती यादी लिनक्सच्याच हिस्स्यातून येते. हे मला माहीत होतं. स्टाफरूममध्ये मीच ते ऐटीत सांगितलं होतं.

ओल्या हातांनी बायको खाली आली. "काय झालं ओ?"

"लाइट गेली अन् उडालं बघ."

आमच्या भागात लाइटवर टाकलेल्या दोषाची चौकशी कुणी करत नाही.

ती स्टुलावर बसली. "माझा प्रकल्प त्याच्यातच हाय. पहिल्या नावात. ते लवकर उघडतंय म्हणून मी तिथंच लिहिते."

पंचेचाळिसाव्या वर्षी ती मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होती. शेळ्या राखणाऱ्या बायका जनावरांना कोणती झाडपाल्याची औषधं देतात, हे दोन वर्षं रानोमाळ हिंडून तिने लिहून घेतलं होतं. चार दिवसांनी ते जमा करायचं होतं. ती ते कुठे लिहिते, हे मी कधी विचारलं नव्हतं. काय लिहिते, हेही नाही.

बाजारातल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने खुर्चीवर बसायच्या आधीच निकाल दिला, "सर, फॉरमॅट मारावं लागतंय."

"अरे, आत हिचं लिखाण हाय."

"मग तर मारावंच लागतंय. एकदम नवं कोरं करून देतो."

त्याला मी मनात गाढव म्हणालो आणि चहा पाजून वाटेला लावलं. पण ते गाढव पुसायच्या आधी विचारून तरी घेत होतं.

ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं होतं, तो कपाटात सापडला. त्यावरून कॉम्प्युटर सुरू केला. पुसलेले हिस्से शोधणारा एक प्रोग्रॅम असतो, तो लावला. पुसलेल्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल, तरच हिस्सा परत मिळतो. दुपारभर बायको मागे उभी होती. "डोळे दुखत असतील तुमचे, थोडं थांबा," असं ती दोनदा म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.

हिस्सा सापडला. तो जागेवर बसवला, यादी नव्याने बसवली आणि काळ्या पडद्यावर दोन्ही नावं परत आली. प्रकल्प जसाच्या तसा होता. "लाइटीनं उडालेलं यांनी परत आणलं," असं ती शेजारणींना गच्चीवरून ओरडून सांगत होती. आणि मी, नालायक माणूस, खाली बसून ते ऐकत होतो. ऐकायला बरं वाटत होतं, हे लिहिताना आज शरम वाटते.

जमा करायच्या आदल्या दिवशी तिने मला छापायला बसवलं. ऋणनिर्देशात शेवटची ओळ नवी होती. नवऱ्याच्या चिकाटीमुळे हे काम वाचलं, अशी.

"ही ओळ काढ," मी म्हणालो.

"कावून?"

तिथे सांगता आलं असतं. घरात दोघंच होतो.

"उगाच. बरं दिसत न्हाई."

"लई लाजता तुमी," ती हसली. "छापा आता."

मी तीन प्रती छापल्या.