फोन उचलणाऱ्या प्रोग्रामची हद्द

त्या वर्षांत कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध मिळायचं: सुरक्षा बंद करा. नागपूरच्या जाणकाराला फोन करा, इंटरनेटवर प्रश्न टाका, सगळे तेच सांगायचे. एक ओळ बदला, मशीन पुन्हा चालू करा, काम फत्ते. मला या सल्ल्याचा भारी राग यायचा. कुलूप नीट लागत नाही म्हणून दारच काढून ठेवायचं, असला हा प्रकार. अर्थात माझा राग आमच्या नागभीडमध्ये कुणाला कळण्यासारखा नव्हता. तिथे मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस होतो, आणि लोक माझ्याकडे बहुतेक वेळा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायला यायचे.

खरं काम होतं ते आरमोरीला, मुलींच्या एका वसतिगृहात. आलापल्लीच्याही पलीकडच्या जंगलातल्या गावांमधून मुली तिथे राहून शिकायच्या. वसतिगृहाच्या बाई म्हणजे मुलींची आई, बाप, डॉक्टर आणि पहारेकरी, सगळं एकटीच. फोन एक. आलापल्लीचा बाजार भरला की जंगलातून आलेल्या आया तिथल्या एसटीडी बूथवर गर्दी करायच्या. इकडे फोन वाजायचा तेव्हा मुलगी शाळेत. तिला बोलावून आणेपर्यंत लाइन जायची, मागच्या बाईचा नंबर लागायचा, आणि आया तशाच परत जायच्या.

म्हणून मी एक जुगाड सुचवला होता. फोनची तार कॉम्प्युटरला जोडायची. दर आठवड्याला मुलींनी आपापलं चार वाक्यांचं बोलणं माइकवर भरून ठेवायचं. आईने फोन लावला की कॉम्प्युटर उचलेल, तिथले बूथवाले चाचा त्या मुलीला ठरवून दिलेला नंबर दाबून देतील, आणि आईला पोरीचा आवाज ऐकू येईल. हे काम करणारा प्रोग्राम पडद्यावर कुठे दिसत नाही. तो मागे गुपचूप जागा असतो आणि घंटीची वाट पाहतो. अशा प्रोग्रामला आमच्या धंद्यात डीमन म्हणतात.

बाईंना कल्पना आवडली. पण त्यांनी एक अट घातली.

"फोन उचलणाऱ्याले पोरींची माहिती दिसली नाई पाहिजे," त्या म्हणाल्या. "एकच मशीन हाय आपल्याकडं. तिच्यातच साऱ्यांची नावं, गावं, मायबाप. कोणी फोनातून आत घुसलं त?"

फोनातून आत घुसणं तसं सोपं नव्हतं, पण त्याच मशीनला अधूनमधून इंटरनेटही जोडलं जायचं, आणि तिथून घुसता येत होतं. शिवाय कोण घुसेल हे बाईंना विचारायची गरज नव्हती. कुठल्या गावची पोरगी कुठे शिकते, तिचा बाप कोण, हे विचारायला पोलिसांची आणि जंगलातल्यांची, दोन्हीकडची माणसं यायची. बाई दोघांनाही चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवायच्या. त्यांची अट मला पटली आणि माझ्या रागालाही एकदाचं काम मिळालं.

साध्या व्यवस्थेत फाइलचा मालक ठरवतो की ती कुणी वाचायची. त्याहून कडक व्यवस्थेत मालकालाही कुणी विचारत नाही. प्रत्येक फाइलवर एक लेबल, प्रत्येक प्रोग्रामवर एक लेबल, आणि कुठल्या लेबलने कुठल्या लेबलला हात लावायचा याचे लिहिलेले नियम. जे लिहिलेलं नाही ते बंद. फोनवाल्या डीमनसाठी मी नियम लिहिले: त्याने फोनची तार धरावी, निरोपांच्या फोल्डरमधल्या फाइली वाचाव्यात, स्वतःची नोंद ठेवावी. बस. मग मी स्वतःच मुलींचे पहिले निरोप भरले, चालवून पाहिले, आणि पुढचं काम बाईंना शिकवून छाती फुगवून नागभीडला परत आलो.

काही आठवड्यांनी चाचांचा फोन आला. हे आलापल्लीचे बूथवाले. बूथच्या एका कोपऱ्यात घड्याळं दुरुस्त करायचे आणि आयांना नंबर लावून द्यायचे.

"भाऊ, तुमची मशीन मुकी झाली. उचलते, अन् मग एकदम खामोश. दोन-तीन बायका आल्या तशा चालल्या गेल्या. पण एक बाई हाय, ती काही ऐकून नाई राह्यली."

"काय म्हणते?"

"म्हणते, आवाज नाई म्हणजे पोट्टी नाई. तिचा मोठा पोरगा दवाखान्यात नेला होता न, तवा बी सारे तिले बरा हाय बरा हाय म्हणत होते. तो वापस आला नाई. आता पुढच्या बाजाराले पोट्टीचा आवाज आला नाई त ती आरमोरीची गाडी पकडते अन् पोट्टीले घेऊन येते. नेली त परत नाई पाठवणार, भाऊ. मी तिले ओळखतो."

मी लगेच बाईंना फोन लावला. म्हटलं, त्या मुलीला बाजाराच्या दिवशी फोनपाशीच बसवा, सरळ बोलू द्या. बाई म्हणाल्या, "दिवाळीनंतर बसवलं होतं न. आईचा आवाज ऐकला अन् पोट्टी रडाले लागली. एक शब्द बोलली नाई. आई तवाच निघाली होती, चाचांनी कशीबशी थांबवली. माइकवर मात्र बोलते बिचारी. एकदा रडते, पाणी पिते, अन् मग बोलते."

पहिलीच पोरगी होती त्या गावातून शाळेत आलेली. मी दुकानाला कुलूप घातलं आणि आरमोरीची एसटी पकडली.

वसतिगृहात पोचून पाहतो तर ज्या मुलींचे नवे निरोप अजून भरले नव्हते, त्यांचे मी भरलेले जुने निरोप खणखणीत वाजत होते. बाईंनी भरलेला एकही वाजत नव्हता. तेच फोल्डर, तसलीच फाइल, मालकाची परवानगीही ठीक. मी नोंद उघडली. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की फोनच्या लेबलवाल्या प्रोग्रामने घरच्या फोल्डरचं लेबल असलेली फाइल वाचायचा प्रयत्न केला आणि त्याला मनाई झाली. घरचं फोल्डर म्हणजे बाईंचं स्वतःचं. निरोपांच्या फोल्डरमधल्या फाइलीवर ते लेबल कुठून आलं, हे काही केल्या कळेना.

अशा वेळी मदतीला एक हत्यार असतं. ते नोंद वाचतं आणि हवा तो नियम आपोआप लिहून देतं. मी चालवलं. त्याने एक ओळ लिहून दिली: फोनवाल्या प्रोग्रामला घरच्या फोल्डरचं लेबल असलेल्या फाइली वाचू द्या. ती ओळ लावली असती तर त्याच क्षणी सगळे निरोप वाजले असते. पण मुलींची नावं, गावं, मायबाप, सगळं त्याच घरच्या फोल्डरमध्ये होतं, त्याच लेबलचं.

बाई दारातून म्हणाल्या, "झालं का, भाऊ?"

"झालं असतं," मी म्हटलं आणि ओळ पुसून टाकली. मला त्या हत्याराची चीड आली. इतकं हुशार, आणि काय मागतंय याची त्याला काही समजच नाही.

मग मी बाईंना म्हटलं, निरोप कसा भरता ते एकदा मला करून दाखवा. त्यांनी खुर्ची ओढली. माइकवर "एक दोन तीन" म्हणाल्या. फाइल त्यांच्या फोल्डरमध्ये आली. ती त्यांनी कट केली आणि निरोपांच्या फोल्डरमध्ये नेऊन पेस्ट केली.

"कट काऊन केलं, बाई? मी त कॉपी शिकवलं होतं."

"कॉपी केलं त दोन होतात न," बाई म्हणाल्या. "आपल्या इथी पोरींचं काही बी दोन जागी राहत नाई."

हे खरं होतं, आणि ते माझ्या डोक्यात यायला हवं होतं. त्या वसतिगृहात मुलींविषयीचा कुठलाही कागद एकच असायचा. नवा लिहिला की जुना चुलीत. कार्बन पेपर तर बाईंनी कधी आवारात येऊ दिला नाही. दुसरी प्रत म्हणजे एक दिवस कुणाच्या तरी हाती लागणारी प्रत, हे त्या भागात राहून त्या शिकल्या होत्या. मुलींचा आवाजही त्यांनी त्याच नियमाने सांभाळला होता.

घोळ तिथेच होता. फाइलची कॉपी केली तर नवी फाइल जन्माला येते आणि जिथे जन्मते तिथलं लेबल घेते. कट करून हलवली तर तीच फाइल जागा बदलते आणि जुनं लेबल सोबत नेते. बाईंचे वडील लाकडाच्या डेपोत होते, म्हणून मी त्यांना तिथलीच गोष्ट सांगितली. सागाच्या ओंडक्यावर ज्या डेपोचा हातोडा मारला, तो शिक्का ओंडका कुठेही नेला तरी त्यावरच राहतो, आणि नाक्यावरचा माणूस शिक्का पाहतो. बाईंना एका झटक्यात समजलं. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे माह्या सांभाळण्यानंच पोट्टीचा आवाज अडला?"

मला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत या बाईंकडून एकही नाव बाहेर गेलं नव्हतं, आणि आता त्या चोरी पकडल्यासारख्या उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही अन् हे मशीन एकाच स्वभावाचे. दोघंही कोणावर भरवसा ठेवत नाई. तुमची ओळख करून द्याची राहून गेली, एवढंच."

त्या हसल्या, आणि मी कामाला लागलो. निरोपांना त्यांचं वेगळं लेबल दिलं. डीमनला फक्त तेवढंच लेबल वाचायची मुभा दिली. बाईंना कॉपी करायला लावायचं नाही, हे मी मनाशी ठरवलं होतं. पडद्यावर एक चित्र ठेवलं. फाइल हलवून झाली की ते दाबायचं, म्हणजे त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींवर योग्य लेबल बसेल. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन लावून एकेक निरोप ऐकला. त्या मुलीचाही ऐकला. तिच्या बोलीतलं मला काही कळलं नाही, पण सुरुवातीला ती नाक ओढते आणि मग एका दमात सगळं सांगून टाकते, एवढं कळलं.

बाजाराच्या दिवशी काही काम नसताना मी पुन्हा आरमोरीला गेलो. दुपारी चाचांचा फोन आला. बाईंनी तो मशीनच्या आधी झडप घालून उचलला आणि माझ्या हातात दिला.

"ऐकलं, भाऊ, तिनं! पुन्हा लावा म्हणे, पुन्हा ऐकलं. अन् मग बोलाले लागली."

"कोणाशी?"

"पोट्टीशी. लाइन त कटली होती. ती आपली बोलूनच राह्यली. मागं सारे उभे, पण कोणी काही म्हटलं नाई. मी बी नाई सांगितलं. कसं सांगू?"

"घ्याले येते का पण?"

"ते मले समजलं नाई. माह्याशी मराठीत बोलते, पण पोट्टीशी सारं आपल्या बोलीत बोलली अन् टोपली उचलून चालली गेली."

संध्याकाळी मुलगी शाळेतून धावत आली. आईने ऐकलं, हे बाईंनी तिला सांगितलं. पोरगी उड्या मारील असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "अन् आई काय म्हणली?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. डीमनच्या नियमात निरोप वाचणं होतं, भरून घेणं नव्हतं. आईचं सगळं बोलणं आलापल्लीच्या बूथमध्येच राहिलं होतं.

मी मुक्काम वाढवला आणि नवा नियम लिहिला. निरोप संपला की एक शिटी वाजेल, मग आईने बोलायचं. ते बोलणं डीमनने एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचं. टाकायचं तेवढंच. टाकलेलं त्याला पुन्हा उघडता येणार नाही, आत कुणाकुणाचं काय आहे तेही दिसणार नाही. बाईंनी माझी वकिलासारखी उलटतपासणी घेतली आणि मग मान हलवली.

पुढचा बाजार येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. आलापल्लीकडची गाडी यायची वेळ झाली की बाई फाटकापाशी जाऊन उभ्या राहायच्या. मुलीच्या सामानाची पेटी त्यांनी खाटेखालून काढली नव्हती, पण वाकून त्या पेटीकडे पाहताना मी त्यांना पाहिलं होतं.

आई आली नाही. बाजाराच्या दिवशी त्या फोल्डरमध्ये एक फाइल पडली.

बाईंनी मुलीला खुर्चीवर बसवलं आणि मी तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला. तो तिला इतका मोठा होता की तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला. ती ऐकू लागली. मध्येच हसली. मग फ्रॉकच्या बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा लावायला सांगितलं. मी पुन्हा लावलं.

बाईंना राहवलं नाही. "काय म्हणली वं? येते का तुले घ्याले?"

"नाई येत," मुलगी म्हणाली. "शिक म्हणली."

बाई खाटेवर बसल्या. म्हणाल्या, "अन् बाकी काय म्हणली? एवढा वेळ बोलली ते?"

मुलीने हेडफोन आणखी घट्ट धरला.

"बाकी मले सांगितलं," ती म्हणाली. "तुम्हाले नाई सांगत."

बाईंनी पदराने तोंड पुसलं, मला हाताने खूण केली, आणि आम्ही दोघं दार ओढून घेऊन बाहेर येऊन उभे राहिलो.