ग्राहकाने आणून दिलेली बाटली

दुसऱ्या बाटलीतले पाणी विहिरीचे नाही, हे मला मीटरच्या पहिल्याच आकड्यावर कळले. चार दिवसांपूर्वी त्याच विहिरीच्या पाण्यात क्षार भरपूर होते. या बाटलीत जवळजवळ नव्हतेच. क्लोरीनने जंतू मरतात, क्षार जात नाहीत.

“सर, हे विकतच्या कॅनचं पाणी आहे,” स्टेला म्हणाली. ती आमच्या लॅबची टेक्निशियन, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आमच्याच चर्चची.

“टेस्ट लाव,” मी म्हणालो.

मी तंजावूरच्या एका खासगी लॅबमध्ये पाणी तपासणारा केमिस्ट. आमचे घराणे इथले जुने मराठी. पणजोबा ख्रिस्ती झाले, तेव्हापासून घरात मराठी आणि चर्चमध्ये तमिळ. रिपोर्टवर शेवटची सही माझी असे.

विहीर आमच्या चर्चच्या मुलींच्या हॉस्टेलची. पहिले सँपल स्टेलाने स्वतः जाऊन घेतले होते. नळाचे तोंड स्पिरिटच्या पेटत्या बोळ्याने शेकायचे, पाणी थोडे वाहू द्यायचे, मग निर्जंतुक बाटली भरायची. त्यात ई-कोलाय निघाले. सरळ सांगायचे तर पाण्यात संडासाची घाण होती. मी ‘पिण्यास अयोग्य’ असा रिपोर्ट दिला.

आणि मग शाळा-हॉस्टेलचे कारभारी ज्ञानमुत्तु ऐया दुसरी बाटली स्वतः घेऊन आले. इथे या पदाला करस्पॉन्डंट म्हणतात.

“ब्रदर, विहिरीत क्लोरीन टाकलंय. आता बघा. परवा इन्स्पेक्शन आहे.”

“ऐया, सँपल आम्हीच येऊन घेतो.”

“तुम्हाला कशाला त्रास? आणि तो पहिला कागद बाहेर गेला तर? ख्रिस्ती लोक मुलींना गटार पाजतात म्हणतील. प्रभूचं नाव जाईल. तुम्ही आपलेच ना?”

मी आपलाच होतो. तीच तर घाण.

दुसऱ्या दिवशी बाटली अर्थातच स्वच्छ निघाली. रिपोर्टवर एक रकाना असतो: सँपल कोणी घेतले, लॅबने की ग्राहकाने? ‘ग्राहक’ असेल तर तो रिपोर्ट फक्त त्या बाटलीबद्दल बोलतो, विहिरीबद्दल नाही. इन्स्पेक्शनला ‘लॅब’ लागते. स्टेलाने ‘ग्राहक’ लिहिले होते. मी ते खोडून नवा कागद काढला, ‘लॅब’ लिहिले, सही केली.

स्टेला माझ्या हाताकडे बघत होती. “सर, या रविवारी साक्ष तुमचीच आहे ना?” एवढेच म्हणाली आणि बाटल्या धुवायला गेली.

साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले, ते सगळ्यांसमोर उभे राहून सांगायचे. माझा विषय होता ‘रोजच्या कामात संपूर्ण मनाने ख्रिस्ताचे’. मी दहा मिनिटे बोललो. लॅबमधले माझे टेबल हीच माझी वेदी आहे, असेही बोललो. माझी जीभ अडखळली नाही, याचा मला आजही संताप येतो. ऐयांनी नंतर माझा हात दोन्ही हातांत धरला. बायकांच्या बाजूला स्टेला गीतांच्या पुस्तकात मान घालून बसली होती.

पुढच्या आठवड्यात हॉस्टेलच्या सात मुली जुलाबाने हॉस्पिटलमध्ये गेल्या. सगळ्यात धाकटी तिसरीतली. मी बघायला गेलो, तेव्हा तिच्या मनगटाला सलाईनची सुई आणि सुई हलू नये म्हणून पुठ्ठा बांधलेला. उशाशी हॉस्टेलची स्वयंपाकीण अन्नम्मा अक्का बसली होती. मला वाटले, शिव्या घालील. ती मला बघून उठून उभी राहिली.

“पहिल्या कागदानंतर मी रोज सगळं पाणी उकळत होते, सर. मग ऐयांनी तुमची सही दाखवली. तरी चार दिवस उकळलं. पण रविवारी तुमची साक्ष ऐकली. म्हटलं, एवढा देवभीरू माणूस खोटं कशाला लिहील? सोमवारपासून बंद केलं.”

मी तिथून निघालो तो थेट आरोग्य खात्याच्या ऑफिसात गेलो. दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले आणि रकान्यात मी काय खोडले ते लिहून दिले. संध्याकाळी ऐयांचा फोन आला.

“हे आपण बसून प्रार्थनेने मिटवलं असतं, ब्रदर! शत्रूलाही कोणी असं करत नाही.”

“प्रार्थना मी केली होती, ऐया. सही करायच्या आधी.”

“मग?”

“मग सही केली.”

विहीर बंद झाली. संडासाची टाकी तिच्यापासून पंधरा पावलांवर होती आणि तळाला फुटलेली होती. क्लोरीनचा एक डबाही कुणी आणलेला नव्हता. मुली बऱ्या होऊन परत आल्या. धाकटीच्या बापाने मात्र तिला गावी नेले ते कायमचे. ऐया अजून पहिल्या बाकावर बसतात. देवाच्या घराची अब्रू मी रस्त्यावर आणली, असे चर्चमध्ये बोलले जाते. टाकी कुणी फुटकी ठेवली, हे कुणी विचारत नाही. मला साक्षीला पुन्हा बोलावलेले नाही. ते बरे झाले.

लॅबने माझा सहीचा अधिकार काढला. आता सही स्टेला करते. मी मोपेडवर कालव्याकाठच्या गावांत सँपल गोळा करत फिरतो. नळ शेकतो, पाणी वाहू देतो, बाटली भरतो. रकान्यात ‘लॅब’ लिहितो, तेव्हा ते खरे असते. तरी स्टेला दर वेळी विचारते, “सर, स्वतः घेतलंत ना?” मला राग येत नाही.

धंद्यातला धडा एवढाच: बाटली कोणी भरली ते आधी विचारावे. चर्चमध्ये उभे राहून दिलेली साक्ष हेसुद्धा ग्राहकाने स्वतः आणून दिलेले सँपल असते. त्यावरून विहिरीबद्दल काही सांगता येत नाही.