बाईंच्या कमरेचा पंप

आमच्या ऑफिसात इन्सुलिनचे पंप बनतात आणि त्यातला एक बाईंच्या कमरेला असतो. बाई आमच्या सॉफ्टवेअर विभागात सर्वांत जुन्या. वय अठ्ठावन्न, मधुमेह नवव्या वर्षापासून. कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कंपाइलरने चुकांच्या शंभर ओळी ओकल्या की आम्ही हातपाय गाळतो. बाई चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, पहिली ओळ काय म्हणते? त्यांना पाठीमागे ‘पहिली ओळ’ असंच म्हणतात, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांचे यजमान सांगतात, भांडणातसुद्धा ही माझं पहिलंच वाक्य धरून बसते.

त्यांची एक रीत कळली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पंपाचं नवं सॉफ्टवेअर चाचण्या पार करून आलं की बाई ते सर्वांत आधी स्वतःच्या पंपात घालतात. साहेबांनी खूप समजावलं, शेवटी कागदावर सही घेऊन गप्प बसले. लोकांच्या पोटाला लावायचं ते आधी आपल्या पोटाला, एवढंच बाईंचं म्हणणं.

त्या आठवड्यात इशाऱ्याचं काम माझ्याकडे होतं. नळी तुंबली की पंप थरथरायला हवा, नाहीतर इन्सुलिन थांबल्याचं माणसाला कळतच नाही. थरथरवणारं फंक्शन म्हणजे इशाऱ्याच्या कोडमधला एक तुकडा. त्याला दोन गोष्टी सांगायच्या: किती जोरात आणि किती सेकंद. सेकंद नाही सांगितले तर दहा धरायचे. हे फंक्शन मला कॉलबॅक म्हणून, म्हणजे वेळ आली की बोलाव असं सांगून, नळीवर नजर ठेवणाऱ्या भागाकडे सोपवायचं होतं. तो भाग मात्र जोर तेवढा सांगणार होता. दहा आपोआप भरले जातील, असं मी धरून चालले. कंपाइलर म्हणाला, प्रकार जुळत नाही. दोन दिवस त्याचं तेच पालुपद. माझं डोकं आधीच गरम; दुसऱ्या संध्याकाळी एक कास्ट ठोकून, म्हणजे प्रकार जुळतो असंच समज असं बजावून, त्याचं तोंड बंद केलं. टेबलावरचा पंप थरथरला, चाचण्या पास झाल्या, आणि मी कुणाकडे चकार शब्द काढला नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी बाईंनी कमरेचा पंप सोडवला आणि माझ्या कामासकट नवं सॉफ्टवेअर घालायला केबल हातात घेतली. टेबलावरचा पंप नेमका का थरथरला होता हे मला सांगता आलं नसतं. 

“बाई, नका घालू,” मी म्हणाले. “मी एक एरर दाबलाय.”

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी केबल ठेवली, मला कास्ट काढायला लावला आणि परत आलेली पहिली ओळ सावकाश वाचली.

“दहाचा आकडा फंक्शनच्या अंगात नसतो गं,” त्या म्हणाल्या. “तू नावाने हाक मारतेस तेव्हा कंपाइलर तो तुझ्या वतीने भरतो. इथे तू नुसता पत्ता दिलास. पत्त्यावर जाणाऱ्याला दहा कुठून कळणार?”

म्हणजे सेकंदांच्या जागी मेमरीत पडलेला कुठलाही आकडा उचलला जाणार होता. टेबलावर तो मोठा निघाला, हे माझं नशीब. बाईंच्या कमरेला शून्यही निघाला असता.  पन्नास वर्षं ही बाई सुयांवर जगली होती, आणि माझ्या आळसावर जीव सोपवायला निघाली होती.

दुरुस्ती पाच मिनिटांची. मध्ये एक छोटं फंक्शन ठेवलं, जोर तेवढा घेणारं आणि आतून इशाऱ्याला नावाने हाक मारणारं. कंपाइलरने मुकाट्याने मानलं. मग आम्ही नळी चिमटीत दाबून भिंतीवरच्या घड्याळात सेकंद मोजले. दहा. पुन्हा दहा. सगळ्या चाचण्या नव्याने चालवायला दीड तास गेला. बाईंनी तेवढ्यापुरता जुना पंप लावला होता, पण डबा उघडला नाही.

शेवटी त्यांनी केबल माझ्यापुढे धरली.

“घे. तूच घाल.”

मी म्हणाले, निदान सोमवारपर्यंत थांबा. साहेबांना बघू द्या. दुसऱ्या कुणाला तरी घालू द्या.

“का? चूक तूच आपणहून सांगितलीस ना मला?”

मी घातलं. बाईंनी पंप कमरेला अडकवला, नळी जोडली, जेवणाआधीचा डोस सोडला आणि माझ्याकडे न बघता डबा उघडला. त्या पोटभर जेवल्या. मी डबा बाजूला सारून भिंतीवरच्या घड्याळात सेकंद मोजत बसले.